कावळ्याला दिलेला शब्द

हे लिहायला मी बसलो आहे, त्याबद्दल आधी माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. आमच्याकडे लिहायचं म्हणजे लग्नपत्रिकेवर पाहुण्याचं नाव टाकायचं, आणि तेसुद्धा शेजारच्या गुरुजींकडून. मी रसायनशास्त्र शिकतो. प्रयोगवही सोडली तर सलग चार पानं मी कधी लिहिलेली नाहीत. शिवाय ज्यांच्याविषयी लिहितो आहे त्यांच्या नात्यातला मी नाही. तीन वर्षं त्यांच्या माडीवर राहिलेला भाडेकरू, एवढंच. त्यांच्या घरच्यांनी हा कोण आमच्या माणसाविषयी लिहिणारा असं विचारलं, तर माझ्याकडे उत्तर नाही. तरी लिहितो. आज मी जिथं बसून हे लिहितो आहे तिथं मला कोणी टिकवलं, हे कुठंतरी कागदावर असावं असं वाटतं.

नाव लिहीत नाही. विट्यात आम्ही पोरं त्यांना अण्णा म्हणायचो.

विट्याच्या आसपासची पुष्कळ माणसं गलाईच्या धंद्यात आहेत. लांबच्या शहरात दुकान टाकायचं, मोडीचे दागिने वितळवायचे, त्यातलं चोख सोनं वेगळं करून द्यायचं. अण्णा मिसरूड फुटायच्या आधी तमिळनाडूत सेलमला गेले आणि केस पिकल्यावर परत आले. बायको तिकडेच वारली. मुलगा तिकडेच दुकान बघतो. अण्णा एकटे विट्याच्या घरात राहायचे आणि वरच्या दोन खोल्या कॉलेजच्या पोरांना द्यायचे. तेजाबानं भाजून भाजून त्यांच्या बोटांची टोकं गुळगुळीत झाली होती. आधार कार्डाच्या यंत्रावर अंगठा उमटेना म्हणून त्यांना तीनदा परत पाठवलं होतं. "माझा मी हाय ह्याला सरकारकडं पुरावा न्हाई," असं ते कौतुकानं सांगायचे.

गलाईच्या दुकानातला केर कोणी टाकत नाही, त्यात सोन्याचा कण असतो. ही सवय अण्णांनी घरी आणली होती. आमच्या खोल्यांचा केर ते आम्हाला बाहेर टाकू द्यायचे नाहीत. अंगणात पाटावर बसून पिठाच्या चाळणीनं चाळायचे.

"सोनं घावतंय का अण्णा?" माझा खोलीतला सोबती एकदा म्हणाला.

"सोनं कशाला घावतंय लेका? तुमच्या पेनांची टोपणं घावत्यात. इतकी टोपणं हरवून तुमी लिहिताय तरी काय, ते कळंना."

दर रविवारी ती टोपणं, बटणं, सेफ्टी पिना जिन्याच्या पायरीवर मांडलेल्या असायच्या. ज्याचं त्यानं उचलायचं.

त्यांचा एक शब्द होता, "कशावरनं?" कोणीही काहीही सांगितलं की हा शब्द यायचा. आमचे अमुक सर छान शिकवतात. कशावरनं? उद्या पाणी येणार नाही. कशावरनं? डॉक्टरांनी साखर वाढली म्हणून रिपोर्ट दाखवला, तर अण्णांनी विचारलं, "तुमचं मशीन कवा तपासलं हुतं?" डॉक्टर चिडले. अण्णा घरी येऊन आम्हाला म्हणाले, "आमच्याकडं गिऱ्हाईक यायचं, बायकोच्या गळ्यातलं काढून द्यायचं आणि म्हणायचं चोख हाय. आमी दगडावर घासून बघायचो. घासल्याबिगर बोलायचं न्हाई."

स्वभाव गोड वगैरे नव्हता. नळ चालू राहिला तर अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असे ओरडायचे. बुद्धिबळात हरायला लागले की त्यांना कॉफीची आठवण यायची. कॉफी मात्र मद्राशी पद्धतीची, स्टीलच्या पेल्यातून वाटीत वरून ओतलेली. आम्हाला दिली तर पिऊन झाल्यावर "कशी झाली?" म्हणून विचारायचे. "चांगली" म्हटलं की पुन्हा तेच, "कशावरनं?"

आणि कावळे. सकाळी सातला अण्णा गच्चीवर जायचे, ताटलीत दहीभात ठेवायचे आणि "का... का..." अशी हाक मारायचे. तमिळ मुलखात घरोघरी जेवायच्या आधी कावळ्याला घास टाकतात म्हणे. आपल्याकडे कावळ्याला भात म्हणजे दहाव्याला, नाही तर पितृपाटात. त्यामुळे शेजारच्या काकूंना हे सहन व्हायचं नाही.

"आवं अण्णा, रोज सकाळ उठून कावळं जेवू घालताय! माझी सून गरवार हाय. दारात बरं दिसतं का?"

"काकू, तुमी दाराम्होरं रोज मांजराला दूध घालताय, मी कवा बोललोय? सेलममधली समदी माणसं रोज घालत्यात. त्यांच्या सुना बाळंत हुईत न्हाईत व्हय?"

काकू दार आपटून आत जायच्या. आणि कावळा आला की अण्णा हात जोडून त्याच्याशी काहीतरी पुटपुटायचे. पहिल्या आठवड्यात मी जिन्यात उभा राहून ऐकलं होतं. "आज दाढी करतो." एवढंच. दुसऱ्या दिवशी, "आज गोळी चुकवत न्हाई." एकदा, "आज पोरांवर वराडत न्हाई." त्या दिवशी दुपारी नळ चालू राहिला आणि व्हायचं ते झालं. मला वाटलं, म्हातारा जरा सरकलेला आहे.

माझी आई त्यांना एकदाच भेटली, मला खोलीवर सोडायला आली तेव्हा. आमचं गाव सातारा जिल्ह्यात, मायणीच्या पुढे. तिला वाचता येत नव्हतं. अण्णांनी दारातच विचारलं, "पोरगं हुशार हाय?"

"हाय की."

"कशावरनं?"

आई गडबडली नाही. म्हणाली, "दुसरीत हुता तवापासनं मला एसटीची पाटी वाचून दाखवतोय. अजून एकदाबी चुकीच्या गाडीत बसवलं न्हाई."

अण्णा मला म्हणाले, "खिडकीजवळची खाट घे." ती खाट दुसऱ्या एका पोराला आधीच सांगितलेली होती, हे मला नंतर कळलं.

पहिलं वर्ष संपत आलं आणि आई गेली. तीन दिवसांचा ताप. साताऱ्याला नेलं, तिसऱ्या दिवशी गाडीतून परत आणलं. मला रडू आलं नाही. पाहुणे येत होते, मी त्यांना चहा देत होतो. कोणी गळ्यात पडून रडलं की त्याच्या पाठीवर मीच हात फिरवायचो. हे नीट सांगता येत नाही. आपल्या घरात दुसऱ्या कोणाचं तरी कार्य आहे आणि आपण मदतीला आलो आहोत, असं वाटत होतं.

दहाव्या दिवशी ओढ्याकाठी पिंड ठेवला. कावळे बाभळीवर बसून होते, पण खाली येईनात. अर्धा तास झाला. माणसं उन्हात उभी. मग एकेकजण मला शब्द द्यायला सांगू लागला.

"धाकट्या बहिणीचं लगीन नीट लावून देतो म्हण."

मी म्हटलं.

"म्हस इकणार न्हाई म्हण. तिचा जीव हुता म्हशीत."

तेही म्हटलं. कावळा हलेना. भटजींनी दर्भाचा कावळा करायला दर्भ हातात घेतला. तेवढ्यात माझे थोरले चुलते पुढे आले आणि म्हणाले, "कालेज सोडतो, बापाच्या हाताखाली राहतो म्हण."

माझ्या तोंडून शब्द बाहेर पडले. ते पडता पडता एक कावळा सरळ खाली आला आणि पिंडाला शिवला.

सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. चुलते म्हणाले, "बघा. तिच्या मनात हेच हुतं."

मला वाईट वाटलं असं नाही. उलट पायाखाली काहीतरी आल्यासारखं वाटलं. आईला काय हवं होतं ते कळलं, आता तेवढं करायचं. चार दिवसांनी मी विट्याला ट्रंक आणि वाकळ न्यायला आलो.

अण्णा अंगणात चाळण घेऊन बसले होते. मी सांगितलं, आई गेली, खोली सोडतो. त्यांनी चाळण खाली ठेवली. "असं व्हायला नको होतं" वगैरे काही बोलले नाहीत. आत जाऊन कॉफी आणली, समोर बसले.

"खोली का सोडतोस?"

"आईची इच्छा आहे."

"कशावरनं?"

मला त्या शब्दाचा इतका राग कधी आला नव्हता. मी ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा मोठ्या माणसावर ओरडलो. कावळा, पिंड, शब्द सगळं सांगितलं. वर म्हणालो, तुमचा विश्वास नसेल तर नसू दे.

"इश्वास न्हाई असं कोण म्हणालं?" अण्णा शांतपणे म्हणाले. "मी रोज कावळ्याशी बोलतो, मला येडा समज. कावळा शिवला हे खरं. तिथं तू एकटाच हुतास का?"

"नाही. सगळे होते."

"बाकीचे तवा काय बोलत हुते?"

मला माहीत नव्हतं. मी कोणाला विचारलं नव्हतं. विचारायचं असतं हेच सुचलं नव्हतं.

"ट्रंक राहू दे हितं," अण्णा उठत म्हणाले. "उद्याच्या गाडीनं तुझ्या गावाला जाऊ."

दुसऱ्या दिवशी अण्णा धुतलेलं धोतर नेसून, डोक्याला टोपी घालून माझ्याबरोबर एसटीत बसले. घरी पोचल्यावर वडिलांना नमस्कार केला, घोंगड्यावर बसले. चुलते-चुलतीही आले. चहा झाला. मग चुलत्यांनीच विषय काढला.

"पोराचं सामान आणायला आलाय काय बरोबर?"

"न्हाई. इचारायला आलोय," अण्णा म्हणाले. "आमच्या धंद्यात माल कमी-जास्त झाला तर एकट्या गिऱ्हाइकाला इचारून भागत न्हाई. हात लागलेल्या समद्यांना इचारतो. कावळा खाली आला तवा तुमी काय म्हणत हुता?"

"मीच तर सांगितलं ह्याला, कालेज सोडतो म्हण."

"बरं. वहिनी, तुमी?"

चुलती पदराशी चाळा करत म्हणाल्या, "मी मनात म्हणत हुते, बाई, तुझी म्हस मी बघीन, तू काळजी करू नगंस."

अण्णांनी माझ्या धाकट्या बहिणीकडे बघितलं. ती तेव्हा आठवीत होती. दाराला टेकून उभी होती. "तू गं बाळ?"

ती म्हणाली, "मी म्हटलं, आई, माझी वेणी मी घालीन रोज. तेवढ्यात आला."

चुलती डोळे पुसायला लागल्या. मी बहिणीकडे बघत राहिलो. इतक्या दिवसांत मी तिला काही विचारलंच नव्हतं.

"आणि तुमी?" अण्णांनी वडिलांना विचारलं.

माझे वडील फार बोलत नाहीत. त्यांनी आधी चुलत्यांकडे बघितलं, मग जमिनीकडे. म्हणाले, "मी म्हणत हुतो, तू बसवलंयस पोराला शाळंत, मी उठवणार न्हाई."



"आन् तवाच आला?" अण्णांनी विचारलं.

"तवाच आला."

"मग बोलला का न्हाई रं?" चुलते म्हणाले. आवाज चढला होता, पण तो रागाचा नव्हता.

"तू थोरला. तू बोलून गेला हुतास. चारचौघांत तुझ्यावर कसं बोलायचं?"

अण्णा म्हणाले, "आता तुमीच सांगा गड्या. कावळा एक, शब्द चार. तो कुठल्या शब्दाला शिवला, हे घासून बघायला माझ्याकडं दगड न्हाई."

माझे चुलते वाईट नाहीत, हे मला लिहिलंच पाहिजे. वडिलांच्या कंबरेचं दुखणं त्यांना दिसत होतं, मला शहरात राहून दिसत नव्हतं. त्यांनी मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "शेताच्या पाण्याची पाळी मी धरतो. म्हशीचं ही बघतीया म्हणतीया. पोराला जाऊ दे." आणि माझ्याकडे न बघता, "सुट्टीत मातुर यायचं. पाहुण्यासारखं न्हाई."

परतीच्या गाडीत अण्णांना खिडकीजवळ जागा मिळाली. मायणी गेलं तेव्हा ते बोलायला लागले, बाहेर बघतच.

"आमच्या हिला दहा दिस झाले तवा मी अकरा शब्द तयार करून गेलो हुतो. पाठ केले हुते. दारू शिवणार न्हाई, पोराशी भांडणार न्हाई, दाढी वाढवणार न्हाई, गोळ्या घेईन... समदं ती आयुष्यभर सांगत हुती ते. पिंड ठेवला, हात जोडले, आणि मी तोंड उघडायच्या आत कावळा शिवून गेला. तिथली माणसं म्हणाली, पुण्यवान बाई, कायबी मागितलं न्हाई. मला लय लागलं ते. माझ्याकडनं काय घ्यावं असं तिला वाटलंच न्हाई? का माझ्यावर भरवसाच नव्हता?"



"म्हणून मग रोज एक देतो," अण्णा म्हणाले. "अकरा संपले की पुन्हा पहिल्यापासनं. काही पाळतो, काही चुकत्यात."

थोड्या वेळानं मी विचारलं, "अण्णा, हे कमी कधी होतं?"

"मला काय ठाव? माझं झालं की सांगतो."

लोकांनी मला त्या दिवसांत पुष्कळ समजुती घातल्या. काळ औषध आहे, देवाला चांगली माणसं लागतात, धीर धर. त्या सगळ्यांचा मी ऋणी आहे, पण मला टेकायला मिळालं ते या उत्तराला. माझ्यापेक्षा कितीतरी वर्षं आधी या वाटेला लागलेला माणूस सांगत होता की त्यालाही माहीत नाही, आणि तरी तो रोज सकाळी दहीभात कालवत होता.

दुसऱ्या सकाळी मी त्यांच्याबरोबर गच्चीवर गेलो. त्यांनी काही विचारलं नाही, नुसती ताटली माझ्या हातात दिली. मला मोठं काही सुचेना. मी म्हटलं, "आज प्रॅक्टिकल बुडवत नाही." आणि त्या दिवशी खरंच बुडवलं नाही. पुढे, "आज धाकटीला फोन करतो," हे पुष्कळदा म्हटलं. एसटीत बसून घरी जायला धजावत नव्हतो, तेव्हा, "या शनिवारी जातो," असं तीन शनिवार म्हणून चौथ्याला गेलो.

रडू मात्र आलं नव्हतं. ते दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या आधी आलं. खोल्या झाडल्या, खाटा हलवल्या, अण्णांनी केर चाळला. रविवारी पायरीवर तीन टोपणं, एक बटण आणि जोंधळ्याचे चार दाणे मांडलेले होते. आईनं पहिल्या दिवशी पिशवीतून जोंधळा आणला होता, इथं दळून घ्यायला. खाटेखाली सांडला असणार.

"हे कुणाचं?" अण्णांनी विचारलं, आणि माझ्याकडे बघितलं.

मी पायरीवरच बसलो. किती वेळ ते सांगता येणार नाही. अण्णांनी समजूत घातली नाही, हात लावला नाही. आत जाऊन कॉफी करून आणली. साखर घालायची विसरले होते. आम्ही दोघांनी ती तशीच प्यायली, आणि कशी झाली हे त्यांनी त्या दिवशी विचारलं नाही.

मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला होतो तेव्हा त्यांचे गुडघे गेले. जिना चढवेना. मुलगा येऊन त्यांना सेलमला घेऊन गेला. जाताना अण्णा मला म्हणाले, "रविवारी फोन कर. आणि सगळं ठीक हाय असं सांगू नगंस, मी कशावरनं म्हणून इचारणार." मी पुढच्या शिक्षणासाठी सांगलीला आलो, तरी रविवारचा फोन चुकला नाही. वेळापत्रक आलं की ते माझ्याकडून वाचून घ्यायचे, कोणता पेपर कधी, किती वाजता सुटतो ते. परीक्षेच्या दिवसांत मात्र फोन बंद. "शेवटचा पेपर झाल्याबिगर तू करायचा न्हाई, मीबी करायचो न्हाई," असा त्यांचा कायदा होता.

गेल्या महिन्यात माझी एम.एस्सी.ची शेवटची परीक्षा झाली. घरचं पहिलंच पोरगं इथवर आलं, म्हणून वडील संध्याकाळच्या गाडीनं सांगलीला येतो म्हणाले होते. शेवटचा पेपर देऊन मी कॉलेजच्या फाटकातून बाहेर पडत होतो. अण्णांना फोन लावावा म्हणून खिशात हात घातला, तेवढ्यात फोन वाजला. अण्णांचाच नंबर होता. पलीकडे त्यांचा मुलगा होता. त्याचं मराठी तिकडच्या हेलाचं आहे, एकेक शब्द जपून ठेवल्यासारखं.

"पेपर झाला?"

"झाला."

"कसा गेला?"

"बरा गेला. अण्णांना द्या ना, सांगतो."

"जेवलात का तुम्ही?"

"नाही अजून."

"मग आधी जेवा. मी अर्ध्या तासानं करतो," असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

मी समोरच्या खाणावळीत गेलो. ताट आलं. पहिला घास घेतानाच मला कळलं, तरी मी जेवलो. बरोबर अर्ध्या तासानं पुन्हा फोन आला.

"बाबा गेले," तो म्हणाला. "तेरा दिवस झाले. तुमच्या पहिल्या पेपरच्या आदल्या दिवशी. वेळापत्रक त्यांच्या उशाशी होतं. मला सांगून ठेवलं होतं, शेवटचा पेपर सुटल्याशिवाय पोराला कळवायचं नाही, आणि त्याचं जेवण झाल्याशिवाय तर मुळीच नाही."